बिगरहंगामी भाजीपाला करताय? या चुका टाळा

शेडनेट उभारलं की बारा महिने काहीही पिकतं, हा समज सगळ्यात महाग पडतो. नेटमुळे ऊन कमी होतं, हंगाम बदलत नाही. फुलकोबीच घ्या. लवकर येणारा वाण ऐन थंडीत लावला तर गड्डा लिंबाएवढाच राहतो. उशिरा येणारा वाण उन्हाळ्यात लावला तर नुसता पाला माजतो, कारण गड्डा धरायला त्याला थंडी लागते. मग खतं कितीही घाला. म्हणून आधी वाण, जाळी नंतर. आणि बियाणं निवडायला पिकात रोज राबणाऱ्या बाईनेच जावं. रोपं, खुरपणी, तोडणी तिच्याकडे आणि पाकीट आणणार भलताच कुणी, अशा घरांत चुकीचा वाण हमखास येतो.

टोमॅटोची फुलगळ दिसली की फवारणीकडे धाव घेतली जाते. दिवसा पारा ३५ अंशांवर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, तर परागकणच निकामी होतात. औषध त्याला काय करणार? उष्णता सोसणारा वाण लावा, पाणी थोडं थोडं पण नेमाने द्या.

कीटकरोधक जाळीत काकडी भरभरून फुलते, पण कळ्या पिवळ्या पडून गळतात. कीड अडवणाऱ्या जाळीने मधमाश्याही अडवलेल्या असतात! परागीभवनाशिवाय फळ धरणारा वाण घ्या. साधा वाण लावून झाला असेल तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवा. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते, ओळखायला सोपं.

रोपं उंच, लेचीपेची झाली तर सावली जास्त झाली असं समजा. पालेभाजीला ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं नेट पुरतं, ७५ टक्क्यांच्या नेटखाली ती नुसती ताणली जाते. आभाळ आलं की नेट गुंडाळून ठेवा.

वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकची, म्हणजे मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू उन्हाळ्यात वर हवी. छिद्र जरा मोठं ठेवा, तापलेला कागद खोडाला टेकला तर रोप तिथेच भाजतं.

थंडीत बुटक्या प्लास्टिक बोगद्यात वेलभाज्या करणाऱ्यांनी ऊन चढलं की कडा उचलायच्या आणि दुपार कलल्यावर खाली सोडायच्या. दिवसभर बंद ठेवला तर आत पाणी सुटतं आणि केवडा हा पानांवरचा रोग येतो. हे काम दोन वेळेचं आहे. घरात त्या वेळी दुसरं कुणी मोकळं नसेल तर बोगदा छोटाच करा.

कोथिंबीर एकदम पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने वाफे टाका, म्हणजे तोडणीही एका हाताने उरकते.