नाताळात मुंबईहून जुन्या जहाजाने गोव्याला निघण्यापूर्वी

नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास मुंबईहून दोन-तीन रात्रींच्या सागरी सहलीला निघणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात जहाजाचे जे चित्र असते, ते परदेशी जाहिरातींतल्या नव्या, साडेतीनशे मीटर लांबीच्या जहाजांचे असते. मुंबई-गोवा सहलींमुळे आपल्याकडे परिचित झालेले कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज तसे नाही. फ्रान्समधील सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आले, २००४ मध्ये ते ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाले, पुढे काही वर्षे एका स्पॅनिश कंपनीकडे राहून २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियन या मूळ कंपनीकडे परतले आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून धावू लागले. त्याची लांबी सुमारे २११ मीटर आहे. मायामीहून बहामा बेटांपर्यंतच्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच त्याची आखणी झाली होती, त्यामुळे छोट्या सहलीला ते आजही शोभते, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र तयारी त्या जहाजाला साजेशी हवी. आरक्षण करताना कोणते जहाज, किती साली बांधलेले आणि कोणकोणत्या बंदरांना लागणारे, हे आधी पाहावे आणि मगच भाड्याकडे वळावे.

जहाज जुने म्हणजे धोकादायक, ही भीती घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात असेल तर त्यांना एवढे जरूर सांगावे की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचे असते, दरवर्षी तपासणी झाल्याखेरीज त्याचे नूतनीकरण होत नाही, आणि पाच वर्षांत किमान दोनदा जहाज सुक्या गोदीत घेऊन त्याचा तळ पाहावा लागतो. वयाचा परिणाम प्रवाशाला जाणवतो तो सुरक्षिततेत नव्हे, तर सोयींत: खोल्या लहान असतात, बाल्कनीच्या खोल्या मोजक्या असतात, विजेची सॉकेट थोडी असतात आणि गर्दीच्या वेळी लिफ्टसाठी थांबावे लागते. ज्यांना डझनभर उपाहारगृहे आणि बर्फावरचे स्केटिंग हवे आहे, त्यांनी वेगळे जहाज निवडावे. ज्यांना डेकवरच्या कठड्याला रेलून समुद्र पाहायचा आहे, त्यांना येथे काही कमी पडणार नाही.

खोलीची निवड ही या तयारीतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे, आणि ती नंतर सुधारता येत नाही. जहाज लाटांवर पुढे-मागे डोलते तेव्हा सर्वांत जास्त हेलकावा दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर बसतो, मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर तो कमी असतो; म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी वरच्या महागड्या खोलीपेक्षा मधल्या भागातील, खालच्या डेकवरची, खिडकीची खोली घ्यावी. अगदी मागच्या टोकाला खालच्या मजल्यावर यंत्रांची आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर जाणवते, तर पोहण्याच्या तलावाखाली किंवा नृत्याच्या सभागृहालगत खोली मिळाली तर ३१ डिसेंबरच्या रात्री उशिरापर्यंत झोप येणे कठीण. जहाजाचा नकाशा समोर ठेवून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते पाहून घ्यावे. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त असते आणि एकदा दिवा मालवला की तिथे इतका दाट अंधार होतो की रात्री उठताना दार कुठे आहे ते कळत नाही. तेव्हा बॅटरीवर चालणारा एक छोटा दिवा सोबत असू द्यावा. चौघांच्या कुटुंबाला एकच खोली मिळाल्यास वरच्या दोन शय्या भिंतीतून उघडणाऱ्या असतात, त्यांवर शिडीने चढावे लागते, म्हणून तेथे कोण झोपणार हे घरीच ठरवून टाकावे. न्हाणीघराच्या दाराशी उंच उंबरठा असतो आणि आजी-आजोबांना ठेच तेथे हमखास लागते. पहिल्याच दिवशी त्यांना तो हात धरून दाखवावा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी खोलीच्या दाराची रुंदी लेखी विचारून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

खर्चाचा हिशेब करताना जाहिरातीतील आकडा हा शेवटचा आकडा नसतो, हे गृहीत धरावे. त्यावर कर, बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि सणासुदीच्या फेऱ्यांवर बहुधा वेगळा अधिभार असतो. भाड्यात कोणते जेवण आणि कोणती पेये येतात, कोणत्या कार्यक्रमांना वेगळे तिकीट लागते, आणि हवामानामुळे मार्ग बदलल्यास किती परतावा मिळतो, हे लेखी पाहावे. डिसेंबरअखेर कोकण किनाऱ्यावरचा समुद्र सहसा शांत असतो, परंतु २०१७ च्या डिसेंबरच्या प्रारंभी ओखी वादळ अरबी समुद्रातून गुजरातच्या रोखाने आले होते आणि मुंबईत भर हिवाळ्यात पाऊस पडला होता, हेही ध्यानात असावे. समुद्रात मोबाइलचे जाळे नसल्याने यूपीआयवर विसंबून चालत नाही. जहाजावरचा खर्च खात्यावर मांडला जातो, त्यासाठी कार्ड किंवा रोख अनामत जवळ ठेवावी. किनारा दूर गेला की फोन एअरप्लेन मोडवर टाकणे हे मी आवर्जून सांगेन, कारण जहाजावरचे उपग्रहामार्फत चालणारे जाळे फोनने आपोआप पकडले तर त्याचे रोमिंगचे दर फार चढे असतात. घरच्यांना निघण्यापूर्वीच कळवून ठेवावे की रात्रभर फोन लागणार नाही.

कागदपत्रांत प्रत्येक प्रौढाचे मूळ छायाचित्र-ओळखपत्र, आणि मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला, हे सर्व एकाच पाकिटात ठेवावे. ओळखपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळते का, ते आरक्षणाच्या दिवशीच पाहावे. ऑनलाइन चेक-इन आधी करून बोर्डिंग पासची छापील प्रत घ्यावी. मार्ग देशाबाहेरचा असेल तर पासपोर्ट अर्थातच अपरिहार्य. गर्भवती स्त्रियांना चोवीस आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आतील बाळांना बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवास करू देत नाहीत.

बोट लागणे हा त्रास अनेकांना नव्यानेच कळतो. ॲव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती जहाज सुटण्यापूर्वी घ्यावी लागते. तिने गुंगी येते आणि मद्यासोबत ती घेऊ नये, त्यामुळे ती कोणाला आणि किती द्यायची हे कुटुंबाच्या डॉक्टरांना, विशेषतः मुलांच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांच्या बाबतीत, विचारूनच ठरवावे. सोबत आलेपाकाच्या वड्या घ्याव्यात. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मळमळू लागल्यास खोलीत पडून राहण्याऐवजी मधल्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर स्थिर करावी. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क वेगळे लागते, म्हणून नेहमीची औषधे प्रवासाच्या दिवसांहून दोन दिवस जास्तीची बांधावीत.

सामानाची बांधणी करताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. मोठ्या बॅगा धक्क्यावर चिठ्ठी लावून दिल्या जातात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. तोपर्यंत लागणारी औषधे, चार्जर, पोहण्याचे कपडे, लहान मुलाचे दूध आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. लहान खोलीत कडक सुटकेस ठेवायला जागा नसते, म्हणून पलंगाखाली सरकवता येईल अशी मऊ बॅग बरी. खोलीच्या भिंती बहुधा पोलादी असल्याने चुंबकी हुक ओले टॉवेल आणि टोप्या अडकवायला फार उपयोगी पडतात. सॉकेटची रचना आपल्याकडच्यासारखी नसेल असे धरून एक साधा अडॅप्टर घ्यावा; एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, विजेची किटली आणि मेणबत्त्या घेऊ नयेत, कारण जहाजावर आग हाच सर्वांत मोठा धोका मानला जातो आणि अशा वस्तू तपासणीतच काढून घेतल्या जातात. हाच नियम सजावटीलाही लागू होतो: खोलीच्या दाराला कागदी चांदणी लावायची असेल तर आधी विचारावे, विजेच्या माळा मात्र घरीच ठेवाव्यात. नाताळच्या रात्री लाल-पांढरे कपडे आणि एखाद्या संध्याकाळी ठेवणीतला पोशाख असा रिवाज असतो, त्यासाठी प्रत्येकी एक जोड पुरे. शाल किंवा स्वेटर मात्र प्रत्येकाला हवाच, कारण आतले वातानुकूलन कडक असते आणि रात्री धावत्या जहाजाच्या डेकवर मुंबईकराला सवय नसलेला गार वारा लागतो.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास ते आरक्षणातच नोंदवावे. मार्गशीर्ष पाळणाऱ्या घरांनी पंचांगही पाहून घ्यावे: २०२६ मध्ये नाताळ मार्गशीर्षात येतो आणि २४ डिसेंबर हा गुरुवार आहे, तेव्हा उपवास करणाऱ्यांसाठी सुकामेवा, राजगिऱ्याचे लाडू अशा बंद पाकिटातल्या वस्तू नेता येतील का, हे कंपनीला विचारून ठेवावे. घरी केलेले पदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत.

प्रस्थानाच्या दिवशी दक्षिण मुंबईतील सणाची गर्दी ही खरी अडचण असते. चेक-इन जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते आणि उशिरा आलेल्यासाठी जहाज थांबत नाही. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबईत पोहोचावे. द्रुतगती मार्गावरील नाताळच्या सुट्टीतल्या कोंडीतूनही वेळेवर पोहोचू असा विश्वास ठेवून त्याच सकाळी निघणे मला योग्य वाटत नाही. लोकलने येणाऱ्यांनी, विशेषतः रविवारी, मेगाब्लॉक पाहावा. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावणारी भुयारी मेट्रोही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबते आणि तेथून बॅलार्ड पिअर हा जहाजाचा धक्का जवळ आहे. कोणत्या प्रवेशद्वाराने आत जायचे, हे मात्र बोर्डिंग पासवरच वाचावे.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिले काम म्हणजे खोलीच्या दारामागचा तक्ता वाचणे. त्यावर आपले आपत्कालीन जमण्याचे ठिकाण लिहिलेले असते. तेथपर्यंत जिन्याने एकदा सगळ्यांनी चालून जावे, लिफ्टने नव्हे. कपाटातील लाइफ जॅकेट मोजावीत आणि मुलांच्या मापाची नसतील तर लगेच मागून घ्यावीत. सात छोटे आणि एक लांब भोंगा हा जमण्याचा इशारा असतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाले तेव्हा नुकतेच चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलले आणि २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. या वेळी कोणी खाण्याच्या रांगेत थांबू नये. आणखी एक साधी बाब अशी की शौचालये निर्वात दाबावर चालतात आणि त्यात ओला रुमाल किंवा डायपर टाकल्यास शेजारच्या खोल्यांचीही सोय बंद पडते, हे मुलांना समजावून सांगावे.

डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जहाज त्याआधी सुटणार असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून वरच्या डेकवर जावे, कारण १८७५ मध्ये बांधलेले प्रॉन्ग्ज दीपगृह आणि पुढे खांदेरीचा किल्ला उजेडात दिसण्याची संधी तेवढीच असते. लहान दुर्बीण याचसाठी न्यावी. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले वाटेवर असले तरी जहाज रात्री आणि किनाऱ्यापासून दूर असते, त्यामुळे ते दिसतील अशी आशा मुलांना दाखवू नये.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला, म्हणजे वास्कोजवळ लागते. पणजी आणि जुने गोवे तेथून सुमारे तीस किलोमीटर आहे, आणि नाताळच्या दिवसांतील वाहतूक पाहता मुक्काम सहा-सात तासांचाच असेल तर दोन्ही करण्याचा हट्ट धरू नये. जुन्या गोव्यातील बॉम जेझूची बासिलिका एवढेच ठरवून जावे, नाही तर वास्कोत राहून बोगमाळोचा किनारा आणि नौदलाचे विमान संग्रहालय पाहावे. लहान मुले असतील तर दुसरा पर्याय मला अधिक पसंत आहे. गाडीचे आरक्षण मुंबईतच करावे आणि परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाने किमान दीड तास आधीची ठरवावी. वास्कोच्या बाजारात नाताळचे दोदोल, बेबिंका, नेवऱ्यो मिळतात. ते बंद वेष्टनात घ्यावेत. विकत घेतलेले मद्य जहाजावर चढताना जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात, तेव्हा त्याची पावती जपावी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि ओळखपत्रे वेगळी काढावीत, खात्याचा हिशेब रात्रीच तपासावा, कारण सकाळी स्वागतकक्षापुढे लांब रांग लागते, आणि धक्क्यावरून न्यायला येणाऱ्या गाडीला जहाज लागण्याच्या वेळेनंतर किमान एका तासाने बोलवावे.