झिरो बघता, पण नोझल कुठलं ते बघता का? गाडीत चुकीचं इंधन : या चुका टाळा

पंपावरचा पोरगा नोझल उचलताना म्हणतो, "साहेब, झिरो बघून घ्या." आपण मान वळवून शून्य बघतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. शून्य तर पेट्रोलच्या मशिनवरही असतं आणि डिझेलच्याही. त्याच मशिनवर लिटरचा दर दिसत असतो, तो मात्र कुणी वाचत नाही. पेट्रोल डिझेलपेक्षा लिटरमागे दहा रुपयांहून जास्त महाग आहे. दरावर नजर गेली तर घोटाळा पहिल्याच लिटरला पकडता येतो.

माझ्या मामेभावाने तो पकडला नाही. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो टाकून रिकामी डिझेल पिकअप घेऊन नाशिककडे येताना आडगावच्या अलीकडे तो पंपावर थांबला, "दोन हजारचं टाक" म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. पोरगा नवा होता. पेट्रोल की डिझेल हे यानं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. बिलावर 'पेट्रोल' वाचलं तेव्हा शेजारचा एक अनुभवी ड्रायव्हर म्हणाला, "निम्मी टाकी डिझेल आहेच ना? वरून अजून टाक, काही होत नाही." यानं ऐकलं आणि चावी मारली. नाशिकचा द्वारका चौक यायच्या आत गाडी बंद पडली.

खरी चूक ही दुसरी. पेट्रोल टाकीत पडल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, ते चावी फिरवल्यावर बिघडतं. डिझेल नुसतं जळत नाही, गाडीतल्या हाय प्रेशर पंपाला वंगणही तेच देतं. पेट्रोल हे वंगण धुऊन काढतं, धातू धातूवर घासतो आणि त्याचा बारीक कीस रेलमधून, म्हणजे दाबाखालचं डिझेल साठवणाऱ्या नळीतून, थेट इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत जातो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात या नळीतला दाब हजार बारच्याही वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपटीच्या आसपास किंवा जास्त असतो, तिथे एवढासा कीस पुरतो. शिवाय डिझेल दाबाने पेटतं, पेट्रोल दाबाने पेटू नये म्हणूनच बनवलेलं असतं. त्यामुळे इंजिन ठोकायला लागतं आणि ओढ जाते. "थोडं चालतं" हा सल्ला जुन्या जीप-ट्रकच्या काळातला. त्या इंजिनांनी बरंच काही पचवलं, आजची पचवत नाहीत.

म्हणून चूक लक्षात आली की गाडी चालू करू नका. चावी 'ऑन'लाही नेऊ नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. बटणाची गाडी असेल तर बटणाला हातच लावू नका. स्टिअरिंगचं लॉक सोडवायला चावी पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, न्यूट्रलमध्ये ढकलून गाडी बाजूला घ्या. ऑटोमॅटिक असेल तर सरळ उचलून नेणारी टोइंग व्हॅन बोलवा. बिल जपून ठेवा, मशिनचा फोटो काढा, पंपाच्या मॅनेजरकडे तिथल्या तिथे लेखी तक्रार करा. रस्त्यात कळलं तर जागा बघून लगेच इंजिन बंद करा, "गॅरेजपर्यंत जाऊ दे" म्हणू नका. वेळेत थांबलात तर टाकी रिकामी करणं, लाइन धुणं, फिल्टर बदलणं एवढ्यावर भागतं. पंप आणि इंजेक्टर गेले तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि विमा ते देईलच असं नाही. पॉलिसीतल्या अटी आजच वाचा.

उलटी चूक, म्हणजे पेट्रोल गाडीत डिझेल, त्यामानाने स्वस्तात सुटते. धूर होतो, प्लग काळे पडतात, गाडी धक्के खात बंद पडते. मात्र तशीच रेटली तर सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या. डिझेल स्विफ्ट विकून पेट्रोलची घेणाऱ्यांच्या तोंडात कित्येक महिने 'डिझेल'च बसलेलं असतं. टाकीच्या झाकणाच्या आत ठळक स्टिकर लावा.

नव्या मोठ्या डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते. तिच्यात युरियाचं द्रावण जातं. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर त्याचे खडे धरतात, आणि तेव्हाही चावी नकोच.

भेसळ हा वेगळा विषय, ती चूक नव्हे, गुन्हा. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनचोरी आणि भेसळ रोखायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी जाळून मारलं गेलं, हे आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

निफाड-दिंडोरीकडे मला जास्त भीती वाटते ती शेडमधल्या कॅनची. ट्रॅक्टरचं डिझेल, ब्रश कटरचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल, फवारणी पंपाचं साधं पेट्रोल, सगळं एकाच रंगाच्या कॅनमध्ये आणि ओळखायचं वासावरून! नाव लिहा, निदान झाकणांचे रंग तरी वेगळे ठेवा. आणि तोंडाने पाइप ओढून टाकी रिकामी करू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर गाठ थेट दवाखान्याशी.

मामेभावाच्या टाकीतून निघालेलं मिश्रण त्यानं गॅरेजवाल्याकडेच सोडलं. घरी आणलं असतं तर आठवड्याभरात कुणीतरी ते ट्रॅक्टरमध्ये ओतलं असतं.