मास्ट पेशी शिकवायची तर टिकल्यांचं पाकीट आणा

मी सोलापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. अ‍ॅलर्जीचा पाठ आला की शेंगाचटणीचा विषय निघतोच, निम्म्या वर्गाच्या डब्यात ती असते. पूर्वी मी फळ्यावर एकच बाण काढायची: शेंगदाणा, मग हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची लक्षणं आणणारं रसायन. एका मुलीनं विचारलं, "बाई, मधे काय होतं?" तेव्हापासून मधलंच आधी शिकवते.

ड्रॉइंग शीटवर मोठा गोल काढा, ही मास्ट पेशी, अ‍ॅलर्जीत हिस्टामिन सोडणारी. आत हिस्टामिननं भरलेल्या पिशव्या. कडेला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश आत पोचवणारी प्रथिनं, आणि प्रत्येकावर सुतळीचा 'वाय', म्हणजे आयजीई ही अँटिबॉडी. हिचा शोध इशिझाका दांपत्यानं १९६६ मध्ये लावला. आधीच्या संपर्कात शरीरानं ती बनवलेली असते, हे मुलांच्या मनावर ठसवा. नाहीतर "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" याचं उत्तर त्यांना सापडत नाही.

आता शेंगदाण्याचं एक प्रथिन शेजारच्या दोन वायना मिळून चिकटवा. एकालाच चिकटवलंत तर चित्र चुकलं, कारण रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले गेले तरच आतलं काम सुरू होतं.

इथून लाल टिकल्या. एक टिकली म्हणजे एक फॉस्फेट. 'लिन' हे विकर रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला टिकली लावतं. त्या टिकलीवर 'सिक' येऊन बसतं, जागं होतं आणि 'लॅट' नावाच्या प्रथिनाला टिकल्या लावत सुटतं. लॅटवर 'फॉस्फोलायपेज सी-गामा' जमतं. याच्या हातात मात्र कात्री द्या. ते पेशीपटलातला एक स्निग्ध रेणू कापतं, त्याचा एक तुकडा पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो आणि पिशव्या पटलाला भिडून बाहेर रिकाम्या होतात. हे सगळं काही मिनिटांत.

एका मुलाला फक्त टिकल्या काढायच्या कामाला लावा. तो फॉस्फेटेज. लावणारे हात जास्त की काढणारे, यावर पेशी पेटते की गप्प बसते ते ठरतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात, म्हणून या भागाला पूर्ण तास देते.

कॅल्शियम वाढलं की दुसरं एक फॉस्फोलायपेज पटलातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटं करतं आणि त्यापासून श्वासनलिका आवळणारे ल्युकोट्राइन बनतात. त्यांचा बाण वेगळ्या रंगात काढा.

शेवटी मुलांना सेटिरिझिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची नेहमीची गोळी चित्रात लावायला सांगा. बहुतेक जण ती गोलाच्या आत लावतात. तिची जागा बाहेर, रक्तवाहिनीच्या पेशीवर, हिस्टामिन बसतं त्या दारावर. ल्युकोट्राइनचा बाण तिच्या शेजारून निघून जातो. म्हणून खाल्ल्यावर श्वास अडकला, चक्कर आली, तर गोळीचा परिणाम बघत बसायचं नाही. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, त्यासाठी लगेच दवाखाना गाठायचा.