घरच्या प्रोजेक्टरचा मेन्यू: या चुका टाळा

मावसभावाने नवा प्रोजेक्टर घेतला आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "दादा, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. परत करू का?" जाऊन बघतो तर प्रोजेक्टर टीपॉयवर, पुढच्या बाजूला टेकू म्हणून दोन जाडजूड दिवाळी अंक आणि मेन्यूत कीस्टोनचा, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगचा, आकडा जवळजवळ टोकाला. तिरकं पडलेलं चित्र त्याने रिमोटने चौकोनी करून घेतलं होतं.

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. कीस्टोनने भिंग जागचं हलत नाही. यंत्र चित्रच आकसून पॅनेलच्या, म्हणजे आत चित्र तयार करणाऱ्या पट्टीच्या, थोड्या भागात बसवतं, म्हणजे १९२०×१०८० पैकी कडेचे ठिपके वाया जातात आणि सबटायटलच्या कडांना दाते पडतात. दिवाळी अंक काढले, टीपॉयऐवजी उंच स्टूल ठेवलं, प्रोजेक्टर सपाट आणि पडद्याच्या बरोबर मध्यासमोर आणला, मग कीस्टोन शून्यावर नेला. अक्षरं लख्ख! बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये ऑटो कीस्टोन आधीपासूनच चालू असतो, तो पहिल्यांदा बंद करा. लेन्स शिफ्ट असेल तर चित्र त्याने सरकवा. त्यात खरोखर भिंग सरकतं, ठिपके वाया जात नाहीत.

मुळात अंतर न मोजता खरेदी केली की पुढचा सगळा खटाटोप सुरू होतो. १०० इंची पडदा साधारण २२१ सेंटिमीटर रुंद असतो. थ्रो रेशो, म्हणजे भिंगाचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असेल तर भिंग सव्वातीन मीटरपेक्षा थोडं लांबच हवं. दहा फुटांच्या खोलीत ते बसत नाही.

दुसरी गफलत 'ब्राइटनेस'ची. नावच फसवं आहे. बहुतेक मेन्यूंत त्याने दिव्याचा उजेड नाही, काळ्या रंगाची पातळी बदलते. चित्र अंधारं वाटलं म्हणून तो वाढवला की रात्रीच्या प्रसंगावर धुकं पसरतं. काळ्या कोटातला माणूस असलेला एखादा प्रसंग थांबवून ठेवा; कोटाच्या घड्या दिसेपर्यंत वाढवा, वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी व्हायच्या आत थांबा. पांढऱ्या सदऱ्याच्या सुरकुत्या गायब असतील तर कॉन्ट्रास्ट उतरवा. उजेड हवा असेल तर इको सोडून नॉर्मल लॅम्प मोड.

एवढं करूनही काळा राखाडीच राहिला, तर एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठवर धरायचे ते सेटिंग, तपासा. प्लेअर १६ ते २३५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसलाय, असा घोळ असतो. उलट झालं तर सावल्यांतलं सगळं गडप. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा.

डायनॅमिक मोड दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये उठून दिसण्यासाठी असतो. घरी त्यात चेहऱ्यांवर हिरवट झाक येते. सिनेमा मोड लावा. पहिले दहा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. क्रिकेटचा स्कोअर कडेला कापला जात असेल तर ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्राच्या कडा कापणारं सेटिंग, बंद करा.

पंखा सारखा घरघरतोय? 'हाय अल्टिट्यूड' चुकून चालू झालंय का पाहा. ही सोय साधारण १५०० मीटरच्या वर, विरळ हवेसाठी असते. पुणं ५६० मीटरच्या आसपास आहे. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पिक्चर दाखवायचा असेल तरच ती वापरा!

अजून घेतला नसेल, तर दुकानात रिमोट स्वतःच्या हातात घ्या. ब्राइटनेस बदलताना मेन्यूची पाटी चित्राच्या मधोमध ठाण मांडून बसते की कडेला सरकवता येते, हे मी आधी बघतो. पाटीखाली झाकलेलं चित्र जुळवायचं कसं? आणि फोकस दिवा तापल्यावर, वीसेक मिनिटांनी तपासा.

भावाकडे मी तासभर बसून सगळं जुळवलं. रात्री पुन्हा फोन, "दादा, परत हिरवं झालं!" मी प्लेअर एचडीएमआय १ ला लावून जुळवलं होतं, सेट-टॉप बॉक्स होता २ ला. त्याच्या मॉडेलमध्ये प्रत्येक इनपुटची सेटिंग्ज वेगळी साठतात. आकडे फोनवर सांगितले, त्याने ते एका दिवाळी अंकाच्या मागे लिहून घेतले.