लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाताना बॅग कशी भरावी

आधी वजनकाटा काढा, कपडे नंतर. तिकिटावर किती बॅगा आणि किती किलो लिहिलंय ते नीट वाचा. साधारणपणे एका बॅगेला 23 किलो चालतात, पण त्यातले तीन-चार रिकाम्या बॅगेतच जातात. हुकाचा काटा नसेल तर आधी स्वतःचं वजन करा, मग बॅग उचलून घेऊन पुन्हा काट्यावर उभ्या राहा. फरक तेवढं बॅगेचं वजन. मी 22 ला थांबते.

डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यात नेऊ नका. डब्याच्या वजनात आणखी पाच-सहा लाडू बसतात! घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या. खारकेची पूड, बाळंतशोपा, ओवा यांच्या पिशव्यांवर इंग्रजीत नावं लिहा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वरून दोन झिपच्या पिशव्या, आणि बरणी बॅगेच्या अगदी मधोमध, टॉवेलात गुंडाळून.

सुकं खोबरं मात्र घेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चेक-इन बॅगेत बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नाही. लिंबूवर्गीय झाडांची कीड त्यावरून पसरते, तिकडे उतरल्यावर काढून घेतात. खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं की हो म्हणा. लपवलं तर दंड होतो.

मऊ सुती साड्यांची दुपटी, गोधडी, लंगोट जरूर न्या, बाळाच्या अंगाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. गोधडी हवा काढायच्या पिशवीत घातली की जागा वाचते, वजन मात्र तेवढंच राहतं. जड डबे चाकांच्या बाजूला, गोधडी वर. दोघं जात असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत थोडे थोडे वाटा, एक बॅग उशिरा आली तरी अडत नाही.

हातातल्या बॅगेत औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एक कपड्यांचा जोड, शाल आणि पॉवर बँक. ती चेक-इनमध्ये चालत नाही. तेलाची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी असेल तर मोठ्या बॅगेत टाका. लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टमध्येच ठेवा, उतरल्यावर मोबाईल लगेच चालेलच असं नाही.