चपळ रेस्क्यू कुत्रा घरी आणलाय? या चुका टाळा

मुलं आहेत, सकाळची नाशिकच्या गोदा पार्कची फेरी चुकत नाही, सुट्टीला डोंगर ठरलेला. अशा घरात चपळ रेस्क्यू (म्हणजे सोडवून आणून दत्तक दिलेला) कुत्रा रमतो, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात याच घरांचा उत्साह कुत्र्याच्या अंगावर येतो, आणि दर वेळी तोच प्रकार घडतो.

शुक्रवारी संध्याकाळी दीड वर्षाचा गावठी कुत्रा घरी येतो. शनिवारी शेजारीपाजारी, आत्या, मामा डोक्यावरून हात फिरवून जातात. रविवारी पहाटे अख्खं घर त्याला घेऊन पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. गळ्यात नवाकोरा पट्टा. शेजारी कुणीतरी बुलेट सुरू करतं, कुत्रा दचकून मागे सरकतो. आपल्या देशी कुत्र्यांचं डोकं निमुळतं, मान जवळजवळ तेवढीच जाड. मागे ओढ बसली की पट्टा कानांवरून सुळकन निघतो. मग सगळे नावाने ओरडत मागे धावतात. ते नाव त्याला मिळून दोन दिवसच झालेले असतात, आणि समोर मुंबई-आग्रा महामार्ग असतो.

म्हणून पहिला महिनाभर हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला आणि दोन्हींना दोरी लावा. पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. उंबरा ओलांडण्याआधी समोर उभं राहून दोरी हलकेच आपल्याकडे ओढा. पट्टा कानांपर्यंत सरकला तर आणखी आवळा. दोरी दीड-दोन मीटरची साधी हवी, बटण दाबून लांबणारी नको. फोन नंबरचा बिल्ला घरी आणायच्या आधीच तयार ठेवा. एवढं करूनही सुटलाच तर पाठलाग करू नका. खाली बसा, नजर दुसरीकडे वळवा, खाऊचा डबा वाजवा. दिसेनासा झाला तर सुटला त्या जागी त्याचं अंथरूण ठेवा आणि रात्री उशिरा व पहाटे, वर्दळ नसताना, दोघांनीच शोधा.

दुसरी चूक म्हणजे ‘दमवला की गप्प बसेल’. रोज दोन तास पळवलेला कुत्रा महिन्याभरात तीन तास पळायला तयार होतो, एवढंच होतं. पहिले तीन आठवडे एकच शांत गल्ली, २०-२५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्याच्या चालीने. थांबून वास घेऊ द्या. वास घेण्यात त्याचं डोकं दमतं आणि तो खरा निवांत होतो. एका वेळचं जेवण जुन्या चादरीत गुंडाळून शोधायला द्या. प्रौढ कुत्रा दिवसाचे १२-१४ तास झोपतो. भरल्या घरात ती झोप होत नाही, मग संध्याकाळी तो सोफ्यावरून उड्या मारतो, मुलांच्या पायजम्याला दात लावतो, आणि लोक त्याला आणखी पळवतात. एक खोली किंवा कोपरा फक्त त्याचा ठेवा, तिथे मुलांना बंदी. आठ दिवसांत ‘जमत नाही’ म्हणून परत देणाऱ्यांनी त्याला खरं तर पाहिलेलंच नसतं. घर आपलं वाटायला तीन महिने लागतात.

मुलांनी त्याच्याशी पकडापकडी खेळू नये. तो दात लावू लागला की हात छातीशी घेऊन झाडासारखं गप्प उभं राहायचं. जेवताना, झोपलेला असताना हात लावायचा नाही. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना पाच मिनिटंही एकटं सोडू नका.

नाशिककरांनी द्राक्षांची काळजी जास्त घ्यावी. हंगामात घरोघरी पेट्या येतात, मुलं प्रेमाने दोन मणी भरवतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले की धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून ‘थोडेच खाल्ले’ हा दिलासा धरू नका. उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे न्या, घरी मिठाचं पाणी पाजू नका. कांदा-लसूण घातलेला रस्साही नको.

उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात.

एवढा उसळणारा कुत्रा अचानक शहाण्यासारखा पडून राहू लागला तर ‘रुळला’ म्हणून खूश होऊ नका. ओठ वर करून हिरड्या बघा, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. हिरड्या फिकट दिसल्या, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीडतापाची शंका धरून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.