चमत्कारांवर चर्चा करताना या चुका टाळा

चमत्कारांविषयीची चर्चा पुराव्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडते, आणि ती अडवण्यात श्रद्धावंत आणि जडवादी (जडपदार्थापलीकडे काहीच नाही असे मानणारे) दोघांचाही हात असतो. घटना खरोखर घडली का, ज्ञात कारणांनी तिचा उलगडा होतो का, आणि ती देवाने घडवली असे मानण्यास आधार कोणता, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की वाद भरकटतो. पुढील सूचना प्रामुख्याने ख्रिस्ती वाचकांसाठी आहेत, कारण आपल्या बाजूच्या चुका आपणच आधी दुरुस्त केलेल्या बऱ्या.

विज्ञान आणि जडवाद यांची गल्लत

विज्ञान नैसर्गिक कारणांचा शोध घेते. ही त्याची कार्यपद्धती आहे आणि ती अत्यंत फलदायी ठरली आहे. जडपदार्थ आणि त्याचे नियम यांपलीकडे काहीच अस्तित्वात नाही, हे विधान मात्र कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष नाही. ती तत्त्वज्ञानातील एक भूमिका आहे आणि तिचे समर्थन तत्त्वज्ञानाच्याच मार्गाने करावे लागते. ‘प्रयोगाने सिद्ध होते तेवढेच ज्ञान’ हे वाक्यसुद्धा प्रयोगाने सिद्ध करता येत नाही, हा आक्षेप जुना असला तरी त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. म्हणून जडवादाला विरोध करताना विज्ञानावर तुटून पडणे ही पहिली चूक होय.

तिच्याच पोटात दुसरी चूक दडलेली असते. जाणिवेचा, म्हणजे वेदना प्रत्यक्ष अनुभवण्याचा, पूर्ण उलगडा भौतिक वर्णनाने होतो का, याबद्दल थॉमस नेगेल यांच्यासारख्या निरीश्वरवादी तत्त्वज्ञानेही गंभीर शंका घेतली आहे. परंतु त्यावरून ते देवाकडे वळलेले नाहीत. जडवाद अपुरा ठरला तर चमत्कार शक्य आहेत, इतकेच म्हणता येते. अमुक एक चमत्कार घडला, हे त्यातून निघत नाही.

ह्यूमच्या युक्तिवादाला न भिडणे

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये चमत्कारांच्या साक्षीविरुद्ध मांडलेला युक्तिवाद टाळून पुढे जाऊ नये. त्याच्या मते निसर्गनियमांमागे मानवाचा एकसारखा अनुभव उभा असतो. म्हणून साक्षीदार खोटा किंवा चुकलेला असणे हे चमत्कार घडण्याहून अधिक अविश्वसनीय असेल, तरच ती साक्ष मानावी. सावधगिरीचा सल्ला म्हणून हे योग्यच आहे. अडचण ‘एकसारखा’ या शब्दात आहे. मृत मनुष्य कधीच उठलेला नाही असा अनुभव सर्वत्र आहे, हे म्हणण्यासाठी तशा सर्व साक्षी आधीच खोट्या ठरवाव्या लागतात, आणि वादाचा मुद्दा तर तोच असतो. तत्त्वज्ञ आणि धर्मोपदेशक रिचर्ड प्राइस यांनी 1767 मध्ये ह्यूमला उत्तर देताना सोडतीचे उदाहरण घेतले: विशिष्ट क्रमांक निघण्याची शक्यता अतिशय कमी असूनही वर्तमानपत्रातील एका बातमीवर आपण तो खरा मानतो. हे उदाहरण जसेच्या तसे वापरू नका. सोडतीत कोणता तरी क्रमांक निघणारच असतो, चमत्काराचे तसे नाही. मात्र दुर्मीळता एकटीच साक्षीला निकामी करत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

रिकाम्या जागी देव बसवणे

ग्रहांच्या परस्परांवरील ओढीने सूर्यमालेची घडी हळूहळू विस्कटत जाईल आणि ती पुन्हा नीट बसवावी लागेल, असे न्यूटनला वाटले होते. 1785 च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने गुरू आणि शनी यांच्या गतीतील मोठी विसंगती पुनःपुन्हा फिरून येणारी असल्याचे दाखवले, आणि देवासाठी राखलेली ती जागा भरली गेली. ‘विज्ञानाला कळत नाही, म्हणून देवाने केले’ या वाक्याचे आयुष्य पुढच्या शोधाइतकेच असते. ख्रिस्ती परंपरेत चमत्कार हे चिन्ह असते: कोणी, कोणत्या प्रसंगी, कशासाठी केले, या संदर्भाशिवाय त्याला अर्थ नाही.

तपासाला अश्रद्धा समजणे

फ्रान्समधील लूर्द या कॅथलिक तीर्थस्थळी 1883 पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तेथे नोंदले गेले, आणि 2018 पर्यंत चर्चने त्यांपैकी केवळ 70 चमत्कार म्हणून मान्य केले. मूळ आजाराचे निदान निश्चित होते का, तो गंभीर होता का, उपचारांमुळे गुण आला असेल का, बरे होणे अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ होते का, हे सर्व तपासले जाते. विशेष म्हणजे डॉक्टर ‘चमत्कार’ असा निर्णय देत नाहीत. सध्याच्या वैद्यकीय ज्ञानाने उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात. पुढचा निर्णय संबंधित बिशपांचा असतो. वर सांगितलेले तीन प्रश्न येथे प्रत्यक्षात वेगळे ठेवलेले दिसतात. पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्ताला पाहिलेल्यांची यादी देताना, पाचशेहून अधिक बंधूंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, म्हणजे त्यांना विचारता येईल, हे आवर्जून नमूद केले आहे.

चमत्काराला हक्क मानणे

हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांवरील एक अभ्यास 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के आणि न झालेल्या गटात 51 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के होते. जडवाद्यांनी यावरून देव नाही असे ठरवणे घाईचे आहे, कारण स्वेच्छेने वागणाऱ्या व्यक्तीची चाचणी औषधासारखी घेता येत नाही. पण प्रार्थनेचे फळ आकडेवारीत दिसतेच, असे सांगणाऱ्या उपदेशकांनीही हा निष्कर्ष लपवू नये.

सर्वांत घातक चूक रुग्णाच्या खाटेशी होते: औषधे बंद करायला सांगणे, आणि गुण आला नाही की ‘विश्वास कमी पडला’ असा ठपका ठेवणे. याला नव्या करारात आधार नाही. पौलाच्या देहातील काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, त्याने तीनदा विनवूनही निघाला नाही. पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत त्याचा सहकारी त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवल्याचा उल्लेख आहे, आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे. यांपैकी कोणाच्याही विश्वासाबद्दल तेथे तक्रारीचा एक शब्दही नाही.